लंगड्या

डबा घेऊन मी सव्वा एकला पोचायचे,
म्हणून सिनेमा माझ्यापुरता सव्वा एकलाच सुरू व्हायचा.
पिला हाऊसच्या मागल्या गल्लीत, पानवाल्याला लागून
लोखंडी जिना, एकवीस पायऱ्या,
वर बाबांची केबिन: दोन प्रोजेक्टर, एक पंखा,
कार्बनच्या कांड्यांचा जळका वास
आणि भिंतीत भोक, वहीच्या पानाएवढं.

त्यातून बारा मिनिटांचं जंगल दिसे.
टोपीवाले पाच साहेब, एक मडम,
दरीवर आडवं पडलेलं झाड,
आणि पलीकडे, नेच्यांच्या गर्दीत
मान वर करून चरणारा तो.
साहेब तिथे कसे आले, ठाऊक नाही.
पुढे घरी गेले का, तेही नाही.
दीडच्या आत रिकामा डबा हातात,
चल, शाळा.

बाबा चमच्याने जेवत.
अख्ख्या चाळीत चमच्याने जेवणारा एकच माणूस.
फिल्म चिकटवायच्या सिमेंटचा वास बोटांना,
तो कालवणात उतरतो म्हणायचे.

प्रिंट जुनी, गावोगाव भटकून आलेली,
मालेगाव, भुसावळ, कुठला तरी लष्करी कॅम्प.
दर चार-सहा दिवसांनी तुटायची,
आणि तुटायची एकाच जागी:
त्याने पुढचा पाय उचललेला असताना.
खालून शिट्ट्या, शिव्या, बाकांवर थापा.
बाबा शांतपणे दोन टोकं धरत,
ब्लेडने खरवडायच्या आधी
जिभेने ओली करत.
कसा लागतो हो, मी एकदा विचारलं.
अळणी, म्हणाले.

दर वेळी दोन चौकटी कमी.
चौथ्या आठवड्यात त्याचा पाय
वर जायचा तो थेट पुढे पडायचा,
कुणी मागून धक्का दिल्यासारखा.
पाच आणेवाल्यांनी नाव ठेवलं, लंगड्या.
लंगड्या आला रे, की गोदीतले हमाल,
रात्रपाळी करून अंधारात झोपायला आलेले,
तेही उठून बसत.
तंबाखूच्या वखारीतला गफूर खोत
खरोखरच लंगडायचा.
तो रोज तिकीट काढून यायचा,
तेवढं बघून निघायचा,
आणि दाराशी थांबून
वर आमच्या भोकाकडे हात करायचा.

कापलेल्या चौकटी बाबा मला देत.
कंपासपेटीत कोनमापकाखाली बारा डायनॉसर,
बाराही जणांचा पाय वर.
एक मी सुलभा ठोसरला दिला, चिंचेच्या गोळ्याच्या बदल्यात.
गोळा आंबटही नव्हता धड.
बल्बसमोर धरलं की त्याच्या मानेवर
अंगठ्याचा ठसा दिसे.
कुणीतरी त्याला केसभर सरकवून
बाजूला झालेलं.
असं दिवसभर केलं, बाबा म्हणाले,
की तो एक पाऊल चालतो.
मग म्हणाले, उद्या वरणभात आण गं,
बोंबील नकोत.

काल ईशानने फोनवर अख्खा सिनेमा लावून दिला.
धुऊन पुसून लख्ख केलेला, एक ओरखडा नाही.
सुरुवात पाहिली: साहेब बोटीतून येतात, फार बोलतात.
शेवट पाहिला: लग्न.
मध्ये, झाडापलीकडे, तो आला.
पाय उचलला, टेकला,
दुसरा उचलला, टेकला,
अगदी शिकवल्यासारखा.
हाच ना आजी?
हा नव्हे रे, म्हटलं. दिसायला आहे तसाच.

कपाटातून पेटी काढली. बिजागरी गेलीय,
आत व्हिनेगरसारखा वास.
ईशानने एकेक चौकट ट्यूबलाईटसमोर धरली,
अंगठ्यापाशी अंगठा लावून पाहिला,
अकरा मोजल्या.
आजी, म्हणाला, या परत जोडता येतील त्यात?
कशाला, म्हटलं,
सरळ चालायला लागेल ना तो.