टेकलीस कुणाला

ओउलूत डिसेंबरात दुपारी दोनलाच दिवस मालवतो.
टेलेर्वो कोट खुंटीला लावते,
बुटांवरचा बर्फ आपटते
आणि दार ढकलून उन्हात शिरते.

ऊन कपाटाएवढं. पासष्ट अंश.
सप्टेंबरपासून मावळलेलं नाही.
त्याच्याखाली बोटभर रुंदीच्या निळ्या फिती,
वर्तमानपत्रासारख्या रुळांवर छापलेल्या,
कार्बनच्या,
म्हणजे आपल्याच गोत्रातल्या.
त्या भाजतात, वीज देतात, थकतात.
कोण कधी थकलं ते लिहायचं,
एवढंच तिचं काम, एकवीस वर्षं.

आधीच्या फिती तीनशे तासांत निम्म्या व्हायच्या.
यार्को रेणू बदलून बघायचा.
लांब शेपट्या, आखूड शेपट्या,
एकदा तर कडेला फ्लोरीन.
तरी निळ्याचं करडं व्हायचंच.
"रंगच कच्चा आहे," म्हणायचा,
आणि कॉफी गार होऊ द्यायचा.

मार्चमध्ये एकदा तिने फीत सोलून पाहिली.
रंग वरून उडालाच नव्हता.
उडाला होता तो तळाशी,
जस्ताच्या थराला टेकला होता तिथे.

तिला लेंपी आठवली, तिची आई,
जुन्या शर्टांच्या चिंध्यांची सतरंजी विणून
जूनमध्ये धक्क्यावर धुणारी.
एका उन्हाळ्यात निळी पट्टी विरली,
पण जिथे लोखंडी कठडा लागला तिथेच, आडवी, सरळ.
आई उन्हाला काही बोलली नाही.
कठड्याकडे बघत म्हणाली,
ऊन काय, सगळ्यांवरच पडतं.
टेकलीस कुणाला ते बघ.

ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या,
वाण नाही पण गुण लागला, असं आपण म्हणतो.
इथे वाणही गेला होता.

मग जस्त काढलं, कथील घातलं.
आपल्याकडे पितळेच्या पातेल्यात ताक कळकू नये म्हणून
जे लावतात, त्याचाच भाऊबंद;
नखाच्या दहा हजाराव्या भागाएवढी कल्हई.
रेणू तोच. शेपट्या त्याच.

पाचशे तास. हजार.
यार्को रोज येऊन आकडा बघायचा
आणि काही न बोलता जायचा,
दृष्ट लागेल अशा बेताने.

काल दोन हजार एकशे चार तासांवर
खोलीत एकदम अंधार झाला.
टेलेर्वोच्या पोटात खड्डा पडला.
तिने हातदिवा धरला:
फिती निळ्याच.
दिवा गेला होता.

नवा गुरुवारी येईल.
तोवर कपाटात रात्र आहे, बाहेर आहे तशीच.
तिने वहीत लिहिलं:
सूर्य बदलायचा आहे.
मग थोडं थांबून, खाली:
फिती त्याच ठेवणे.