आर सत्त्याऐंशी

डॉक्टरांनी लिहिलंय : एचपीव्ही पॉझिटिव्ह.
बस्स. पुढे टिंबसुद्धा नाही.

जास्त धोक्याचा की कमी धोक्याचा?
आठशे दहा की आठशे वीस?
लॅबचा कागद खालीच जोडलाय, मला दिसतोय,
पण त्यावरून कोड लावायचा नसतो,
डॉक्टरांच्या हातचं हवं.
डोळ्यांनी पाहिलं तरी पाहिलं नाही म्हणायचं,
अशी ही माझी एकवीस वर्षांची नोकरी.

तळघरात हीटर, दोन स्क्रीन, गार झालेली कॉफी.
वर हॅनकॉकचा बर्फ खिडकीच्या कमरेला लागलाय.
झेड आधी टाकते, म्हणजे विमावाल्यांना कळेल
की बाई आपणहून आली होती,
तिचं काही दुखत नव्हतं.
मग डॉक्टरांना लिहायला घेते : कृपया खुलासा करावा.
प्रश्नात उत्तर सुचवायचं नाही, हाही नियमच.

जन्मतारीख ताडून बघायला वर गेले
आणि नाव वाचलं.
मार्याना काँगास.
आमच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवते ती.

ओळखीचं माणूस निघालं की फाइल मिटायची.
मिटली. ग्रीन बेच्या रोशेलकडे पाठवली.
कारण : ओळख.
एवढा एकच शब्द मावतो त्या चौकटीत.

रविवारी प्रार्थनेनंतर
ती सगळ्यांना कॉफी ओतत होती,
वेलदोड्याच्या पावाचे तुकडे पुढे करत होती.
तिला कळलंय का?
कळलंय की नाही, हेही मला कळायला नको.

सांगावंसं वाटलं : मार्याना, अक्षर बघ, आर आहे.
आर म्हणजे नुसतं सापडलेलं,
अजून कशाचंच नाव न लागलेलं.
त्याच्या खाली एन, त्याच्या खाली डी,
आणि सी तर पार तळाशी.
बहुतेक जणी पहिल्याच पायरीवरून
कुणाच्या नकळत परत फिरतात,
शरीर आपलं आपण निस्तरतं.
फक्त पुढची तारीख चुकवू नकोस.

म्हणाले, "यंदा बर्फ जरा जास्तच."
"हो ना, आयली," ती म्हणाली, "छपराची काळजी वाटते."
साखर वाढलेली असूनही
मी पावाचा दुसरा तुकडा घेतला.

सोमवारी खुलासा आला असेल,
रोशेलच्या स्क्रीनवर. माझ्या रांगेत एक फाइल कमी.

हं, एक राहिलं.
त्या रविवारी तिसऱ्या कडव्यात
तिचं बोट एका पट्टीवरून घसरलं होतं.
बाकी कुणाच्या लक्षात आलं नाही.
मी ते कशाचंही लक्षण म्हणून धरलेलं नाही.
नोंद नाही, तर घडलं नाही,
असंच आम्हाला शिकवलंय.