सावल्या बंद करून पाहिलं

तिसऱ्या वळणावर गाडी अडते.
अडते म्हणजे थांबत नाही,
तुकड्यातुकड्यांनी पुढे सरकते,
संध्याकाळी सहाला द्वारका सर्कलवर माझी स्कूटर सरकते तशी.

ऋजुता म्हणते, पप्पा, साठवरून अठरावर आलं.
पडद्याच्या कोपऱ्यात हिरवा आकडा असतो,
तो ती वाचते
नर्सनं चार्ट वाचावा तशी.

मला गेममधलं काही कळत नाही.
अंबडला सव्वीस वर्षं मशिनींचे आजार काढतोय.
स्क्रू ड्रायव्हरचं टोक हाउसिंगवर, मूठ कानाला,
कुठलं बेअरिंग गेलंय ते ऐकून सांगतो.
इथे तिनं हात धरला. नका लावू, चालू आहे ते.

मग तिच्या पद्धतीनं.
नवा ड्रायव्हर टाकला. सोळा.
जुना परत टाकला. सतरा.
मागे उघडं राहिलेलं सगळं मिटवलं, तरी सतराच.
मग सावल्या बंद केल्या.
झाडं नुसतीच उभी राहिली,
जमिनीशी काही देणंघेणं नसल्यागत.
मग गवत कमी केलं. मग तळ्यातलं प्रतिबिंब.
मग लांबचे डोंगर धुक्यात ढकलले.
बावीस.

मंदीत आमच्या शॉपमध्ये असंच केलं होतं.
आधी चहा, मग ओव्हरटाइम,
मग माणसं.
हे मी तिला बोललो नाही.

साडेअकरा झाले. निफाडकडची थंडी
खिडकीच्या फटीतून आत येत होती.
टेबलाशेजारी हिचा हात चालूच:
कापूस, पीळ, वात. कापूस, पीळ, वात.
पंचवटीतल्या दुकानाला पुडे पोचवायचे होते,
शिवाय त्रिपुरीच्या, साडेसातशे धाग्यांच्या.

अठ्ठ्याऐंशी डिग्री, ऋजुता पुटपुटली.
कशाचं?
कार्डचं. आतलं.
अगं, हे आधी सांगायचं ना!
एवढ्या थंडीत अठ्ठ्याऐंशी.
आता ती माझ्या भाषेत बोलत होती.

दोन स्क्रू. झाकण काढलं.
पंख्यामागे, पत्र्याच्या बारीक पात्यांत
नेहमीची काळी धूळ नव्हती.
पांढरी, मऊ, एकसंध घडी होती,
बाळाचं दुपटं कुणी विसरून गेल्यासारखी.

तिघंही बघत राहिलो.
ह्याच वातींच्या पैशांतून कार्ड आलं होतं,
अठरा हप्ते, महिन्याला सतराशे.
तिनं मांडीवरचं ताट खाली ठेवलं,
मी आत बसत जाईन हं, म्हणाली.
बस तिथेच, मी म्हणालो, टेबल हलवू.

दाढीच्या जुन्या ब्रशनं साफ केलं,
एकेक पातं.
निघालेला कापूस तिनं तळहातावर घेतला,
सवयीनं पीळ दिला. करड्या रंगाची वात झाली.
देवापुढे नाही चालायची, म्हणाली,
आणि टाकलीही नाही.

बासष्ट डिग्री. साठ.
सावल्या परत आल्या, मग गवत, तळं,
डोंगर सगळ्यात शेवटी.
तिसरं वळण कधी गेलं कळलंच नाही.

ही पहिल्यांदाच पडद्याकडे नीट बघत होती.
त्या डोंगराच्या मागे काय आहे गं?
काही नाही मम्मी, तिकडे रस्ताच नाही.
तरी बघ की.

ऋजुतानं गाडी रस्त्यावरून खाली घातली,
गवतातून सरळ.
आकडा एकोणसाठवर आला बहुतेक,
कुणी वाचला नाही.