मालकाच्या रकान्यात

रोज सकाळी सहाला आर्डिस होल्कम
बांधाच्या पायथ्याशी उकिडवी बसते.
वय अठ्ठ्याहत्तर. गुडघे कुरकुरतात, ती नाही.
गंजक्या नळीखाली जॅमची रिकामी बरणी धरते
आणि नवऱ्याचं, शर्यतींचं, जुनं घड्याळ दाबते.
बरणी भरायला एकेचाळीस सेकंद.
मग ती बरणी उजेडाकडे धरते.
झिरपतंय ते झिरपू दे, म्हणते,
मातीचा बांध आहे, घाम यायचाच.
फक्त गढूळ नको.
गढूळ आलं की समजावं,
बांध आतून चालायला लागला.

व्हरमाँटच्या नकाशात हे तळं नखाएवढं निळं.
काठावर बावीस घरं, बावीस धक्के,
एक घसरगुंडी, जुलैत कंदिलांची एक रात्र.
तळं सगळ्यांचं.
बांध कुणाचा, असं विचारलं
की जो तो आपल्या होडीची दोरी तपासायला लागतो.

ज्या कंपनीनं ओढा अडवून
तळ्याकाठचे प्लॉट विकले,
ती पुढे बुडाली,
चांगल्या कोरड्या कचेरीत बसल्या बसल्या.
दस्तात धक्के आहेत, पायवाटा आहेत,
एका ठिकाणी सूर्यास्तसुद्धा आहे: ‘पश्चिमेचं अबाधित दृश्य’.
बांध नाही.
सरकारी पत्रं ‘मालक’ या नावानं येतात.
टपालवाला ती आर्डिसच्या पेटीत टाकतो,
कारण तिची पेटी सर्वांत जवळ.

यंदा पत्रामागोमाग माणूस आला,
ऑब्रे थिबोडो, हातात लांब सळई.
माथ्यावरच्या बर्चांना आम्ही सावली म्हणायचो,
तो मुळं म्हणाला.
पाणउंदराच्या बिळात त्याचा हात कोपरापर्यंत गेला.
धोका: उच्च.
‘बांध फार वाईट आहे म्हणून नाही,’ तो म्हणाला,
‘खाली कोण झोपतं, त्यावरून ठरतं.’

खाली ट्रेलरांची वस्ती. चौदा.
तिथून जाताना आम्ही गाडी हळू करतो,
मुलं खेळतात म्हणून. इतकाच संबंध.
त्यांना आमचं तळं दिसत नाही,
गवताची उंच भिंत दिसते
आणि तिच्या पायाशी सकाळी एक म्हातारी.

अग्निशमन केंद्रात सभा भरली.
दुरुस्ती, घरटी अकरा हजार डॉलर.
नाहीतर बांध फोडा, ओढ्याला ओढा परत द्या.
फोडायला हात वर: दोन.
पैसे द्यायला: सहा.
बाकीच्यांनीही हात वर केले,
पण दुसऱ्या अर्थानं.
त्यात मी होतो. माझा धक्का नवा होता, देवदाराचा,
अजून वास जात नव्हता.

मग मागच्या रांगेतून रोवेना डेस्मारे उठली,
ट्रेलर क्रमांक नऊ. तिला मत नव्हतं.
‘तुम्हाला कळेल तेव्हा,’ तिनं विचारलं,
‘आम्हाला कोण सांगणार?’

पंखा तेवढा फिरत राहिला.
आर्डिसनं फॉर्म मांडीवर सपाट केला,
मालकाच्या रकान्यात आपलं नाव लिहिलं
आणि पेन शेजारी सरकवलं.
रकाना लहान होता.
समासात जागा होती.

आज आर्डिसच्या गुडघ्यांनी ऐकलं नाही.
बरणी माझ्याकडे आहे.
एकोणचाळीस सेकंद.
उजेडाकडे धरतो. तळाशी काहीतरी,
वाळूचा कण, की काचेतलाच बुडबुडा?
ओततो. पुन्हा लावतो.
खाली नऊ नंबरच्या खिडकीत दिवा आहे.
रोवेनाचा फोन नंबर खिशात.
घड्याळ दाबतो.