स्वल्पविराम

एप्रिलचा बर्फ बुटांवर घेऊन ती आत आली,
माइटे एचेव्हेरी, बिगहॉर्नच्या पायथ्याची मेंढीवाली,
आणि काउंटरवर पाकीट उपडं केलं.
दोनशे दहा डॉलर. त्यातले कितीतरी एक-एकचे,
लोकरीचा वास धरलेले.

"कोयोटांनी अकरा कोकरं नेली," ती म्हणाली.
"रात्रभर डोळ्यांत तेल घालून बसते,
पण नळीच्या टोकावरची माशी
आता दिसतच नाही. नुसता धूर दिसतो."
रायफल तिच्या भावाची, सेमी-ऑटोमॅटिक, साधी.
दुर्बीण बसवायची खाच वर होती,
आजवर कुणी वापरलेली नाही.

मी या दुकानात एकोणीस वर्षं आहे.
गिऱ्हाईक दारातून चालत येतं तेव्हाच
त्याच्या खिशाचा अंदाज येतो मला.
वरच्या फळीवर नऊशेच्या होत्या, चौदाशेच्या होत्या,
तिकडे मी मान वळवली नाही.
साडेतीनशेच्या रायफलीला चौदाशेची दुर्बीण,
नाकापेक्षा मोती जड.
आणि खालच्या टोपलीतली चाळीस डॉलरवाली
दहा गोळ्यांत नेम विसरते,
हे मी न विचारता सांगून टाकतो,
मालक ऑर्व्हल आसपास नसेल तर.

मधली काढली. लाल ठिपक्याची. एकशे तीस.
"दोन्ही डोळे उघडे ठेवा. ठिपका जिथे, गोळी तिथे."
तिनं नुसती दुर्बीणच डोळ्यापुढे धरली,
भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या एल्ककडे रोखून,
बराच वेळ.

"ठिपका कुठाय?
हा तर स्वल्पविराम आहे."

मी बघितलं. ठिपका गोल.
काच पुसून दिली. बॅटरी बदलली.
उजेड कमी केला, अगदी कमी.
तिला शेपूट दिसतच होतं, डावीकडे झुकलेलं.
दुसरी काढली, तिसरी काढली.
स्वल्पविराम. स्वल्पविराम.

मग असल्या वेळी करतात ते केलं.
मोबाइल काचेमागे धरून फोटो काढला
आणि तिच्यापुढे ठेवला.
फोटोत ठिपका गोल होता,
टाचणीच्या डोक्याएवढा, निमूट.

"म्हणजे यंत्र बरोबर आहे," ती म्हणाली.
मी काही बोललो नाही.
"तारे कसे दिसतात तुला?"
"ठिपक्यासारखे."
"मला शेपट्या दिसतात. लहानपणापासून.
वडिलांबरोबर वर कुरणात झोपायचो आम्ही, मेंढ्यांच्या गाडीत.
मला वाटायचं, सगळ्यांनाच तसे दिसतात.
चित्रातसुद्धा नाही का काढत, टोकं-टोकं असलेले?"

अठ्ठावन्न वर्षं.
बाहेर कुणीतरी ट्रक चालू ठेवून कॉफी आणायला गेलं होतं.

जुन्या मालाच्या कपाटात एक होती, प्रिझमची.
रेघ काचेवरच कोरलेली, तिला उजेडाची उधारी नाही,
बॅटरी मेली तरी रेघ जागेवर.
अंगावर ओरखडा, झाकण हरवलेलं.
जड आहे, आणि डोळा अगदी जवळ न्यावा लागतो,
तेही लपवलं नाही.
तिनं बघितलं. "ही सरळ आहे," म्हणाली.
थोड्या वेळानं पुन्हा, स्वतःशीच, "सरळ."

चिठ्ठीवर एकशे पंच्याऐंशी होतं. मी एकशे साठ केलं.
पंचवीसची पदरमोड ऑर्व्हलला अजून माहीत नाही.

पन्नास उरले.
"शेरिडनला डोळ्यांचा डॉक्टर आहे ना?"
"आहे. पन्नासात भागणार नाही."
"माहितीय," म्हणत तिनं नोटा परत पाकिटात सारल्या.

कोकरांचं पुढे काय झालं, मला ठाऊक नाही.
जूनमध्ये ती पेट्रोल पंपावर दिसली.
चष्मा नव्हता. लांबूनच हात केला,
मला ओळखून की अंदाजानं, कोण जाणे.

त्या रात्री मात्र कुलूप लावून झाल्यावर
मी दुकानाच्या मागे उभा राहिलो, थंडीत,
मान वर करून,
एक डोळा मिटून, मग दुसरा,
आणि कितीतरी वेळ खात्री करत होतो.