घसारा

विनिपेग. उणे सव्वीस. मागच्या दाराच्या फुटक्या काचेवर
पिझ्झाच्या खोक्याचा पुठ्ठा.
स्टेफानिया ह्रित्साक आधी बूट काढायला लावते,
मग चोरीचं सांगते.

मी विमा कंपनीचा माणूस. माझ्या फॉर्मात
अकॉर्डियन, वय चाळीस वर्षं,
घसारा नव्वद टक्के. देय : दोनशे दहा डॉलर.

"घसारा म्हणजे?"
"वापरून वापरून वस्तू झिजते, बाई."
"वापरून वापरूनच तर त्याचा गळा मोकळा झाला."

पावती नाही. ती कपाट उपसते.
कुणाच्या तरी लग्नाचा फोटो : नवरा, डोळे मिटलेले,
छातीशी ते लाल धूड.
अठ्ठ्याण्णव सालचं दुरुस्तीचं बिल,
मागे बीटच्या सूपची कृती लिहिलेली
म्हणून टिकलेलं.
आणि पॉलिसी. पान सात. पेन्सिलीची जाड रेघ :
घरातल्या वस्तूंना नव्याच्या किमतीइतकी भरपाई.

ते पान मी वाचलं होतं.
विचारल्याशिवाय बोलायचं नाही, ही आमची रीत.

दोनशे दहा खोडले. तीन हजार चारशे लिहिले.
कान तापले होते, एवढ्या थंडीत.

गुरुवारी तिचा फोन.
"अंगठी मैद्याच्या डब्यात सापडली.
मीच लपवली होती, आणि विसरले. तेवढे पैसे कापा."
"कापतो."
"काचेचे मात्र नाही."
"काचेचे नाही."

टेबलावर अकरा फायली होत्या, सह्या होऊन मिटलेल्या.
सगळ्यात वरची ओढली.
पान सात.