दीड मिनिटाचं दळण

लष्करात, स्टेशनच्या वाटेवर जे कॉफी हाउस आहे,
त्याची बिया दळायची मशीन काळी एकमध्ये बोलायची.
शोध टेंब्यांचा.
डाव्या कानावर पंजा धरून म्हणाले,
"घ्या, तंबोरा फुकटात मिळाला."
तेव्हापासून गुरुवारी, साडेचारच्या दळणाला,
खांबाजवळचं टेबल आमचं.

आमचं म्हणजे
मुकुंद टेंबे, पोस्टातून निवृत्त, गळ्याला मफलर, मे महिन्यातसुद्धा;
रज्जबभाई, हजीऱ्याला तबल्यांना शाई लावतात,
नखांतली काळी रेघ ईदलाही निघत नाही;
तोमर वकील, ज्यांना गाता येत नाही, दाद देता येते
(तिलाही रियाज लागतो म्हणतात);
आणि मी, ऑडिटवाली घुलेबाई.
आठ कॉफी, दोन कटलेट, भागिले चार.
बावीस वर्षं हिशेब चुकला नाही.

दळण चालायचं मोजून दीड मिनिट.
तेवढ्यात टेंबे सा लावून, निषादाला शिवून परत यायचे,
रज्जबभाई बशीच्या काठावर चमच्यानं ठेका धरायचे,
आणि कुंजुमोन, पगडीचा तुरा सावरत,
शेजारच्या टेबलाची ऑर्डर त्याच लयीत विसरून जायचा.
मशीन थांबली की गाणं थांबे.
नियम कोणी केला नव्हता. पाळत सगळेच.

मी गात नसे.
विचारलं तर सांगे, "तुमची पट्टी मला खाली जाते."
जायचीच. काळी एकला माझा आवाज
पोहऱ्यासारखा तळाशी खरवडत, गाळ घेऊन वर यायचा.
माधोगंजच्या क्लासात कधीकाळी पांढरी पाच मिळाली होती,
मग परीक्षा, मग नोकरी, मग भोपाळला बदली,
सामानात कुठल्या पेटीत ती बांधली, आठवत नाही.

श्रावणात सोसायटीनं जुनी मशीन काढली.
नवी आली, कोइम्बतूरची, आरशासारखी.
साडेचारला कुंजुमोननं बटण दाबलं
आणि टेंब्यांचा चेहरा उतरला. "अहो, ही तर किंचाळते!"
सा शोधायला वर गेले, खोकत खाली आले.
"नालिश ठोकते हैं," तोमर म्हणाले.
रज्जबभाईंनी चमचा बशीत आडवा ठेवला.
मी कप ओठांशी तसाच धरून.
पांढरी पाच.
तीस वर्षं दुसऱ्यांच्या बेरजा तपासल्यात मी,
यात चूक नव्हती.

तोंड केव्हा उघडलं ते माहीत नाही.
आधी वाटलं, मशीनच जरा गोड झाली.
कोचिंगच्या एका पोरानं कानातली एक गोळी काढली,
एकच.
काउंटरवर मॅनेजर सुट्टे मोजताना अडला,
पुन्हा पहिल्यापासून मोजू लागला.
चमचा उभा राहिला होता.
पंचमाला पोचते न पोचते तोच दीड मिनिट संपलं.
मशीन थांबली.
मी नाही थांबले.
पंख्याची करकर, आणि मी, आणि एवढी मोठी खोली,
खाली पाहावं तर जिन्याला पायऱ्याच नाहीत.
मग आतून पुन्हा घरघर.
डब्यात एकही बी उरली नव्हती, हे नंतर कळलं.
कुंजुमोननं रिकामीच चालवली.

टेंबे काही बोलले नाहीत.
मफलर सोडला, झटकला, बांधला.
माझ्या वाट्याचे पैसे माझ्याकडे सरकवले,
मी परत पुढे.

परवा रात्री दहाला त्यांचा फोन.
"बाई, ऐका." आणि घरघर.
जुनी मशीन भंगारातून सोडवून आणलीय, अकराशेला,
जनकगंजच्या गच्चीत ठेवलीय, सून विचारते यात दळायचं काय.
"अजून काळी एकच आहे. बरोबर ना?"
मी फोन कानाशी दाबला.
उतरली होती. थोडीशीच, पण उतरली होती.
"बरोबर आहे," मी म्हटलं.
खोट्या आकड्याखाली पहिली सही.
आणि गुरुवारी चारलाच या, म्हटलं,
खांबाजवळचं टेबल हल्ली
कोचिंगची पोरं अडवून बसतात.